आज चारचा सराव होता

५ जानेवारी

क्लबने आज आम्हा सगळ्या प्रशिक्षकांना एकेक डायरी वाटली. सराव झाला की मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही, असं सांगितलं. कोणी वाचणारच नसेल तर मग ही हौस कशाला, हा प्रश्न मी बैठकीत मनातच ठेवला आणि आता इथे लिहिला. म्हणजे डायरीचा उपयोग सुरू झाला म्हणायचा.

हे सगळं नव्याने आलेल्या ताईचं डोकं. वय सव्वीस-सत्तावीस, गळ्यात शिट्टीच्या जागी ओळखपत्र, हातात टॅब. क्रीडाविज्ञान शिकून आली आहे. मी तिला विज्ञानताई म्हणतो, अर्थात तोंडावर नाही. भिंतीवर तासभर चित्रं दाखवून तिने जे सांगितलं त्याचा अर्क असा: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक मुलीला विचारायचं, आजचा सराव तुला किती जड गेला? शून्य म्हणजे काहीच केलं नाही, दहा म्हणजे जीव गेला. मुलगी जो आकडा सांगेल त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं, की झाला तिचा त्या दिवसाचा भार. हे भार आठवड्याच्या आठवड्याला मांडत गेलं की कोणाच्या अंगावर जास्त पडतंय ते आधीच कळतं आणि दुखापत टळते. सलग दोनदा कोणी सातच्या वर गेली तर तिला पुढच्या सरावाला सुट्टी.

वीसेक वर्षं मी मुलींना फुटबॉल शिकवतो आहे. कोण दमली आहे ते मला तिच्या मोज्यांवरून कळतं. आता म्हणे तिलाच विचारा. पंधरा वर्षांच्या मुलीला 'दमलीस का गं बाळ' असं विचारलं तर ती काय सांगणार? दप्तर उचलताना यांना सहा जातो.

मार्चच्या पहिल्या रविवारी सोळा वर्षांखालच्या राज्य संघाची निवड चाचणी आहे. माझ्या संघातली एक मुलगी त्यात जाणार म्हणजे जाणार, हे मी आजच लिहून ठेवतो. ती आमची कर्णधार आहे, मधल्या फळीत खेळते, आणि सामना संपला की आणखी एक सामना मागते. मी तिला इंजिन म्हणतो म्हणून सगळेच म्हणतात. पुढच्या वर्षी ती या वयोगटात नसेल, तेव्हा ही शेवटची संधी. मैदानावर ती मला सर म्हणते. घरी बाबा म्हणते.

७ जानेवारी

विज्ञानाचा शुभारंभ झाला. सराव संपल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, पण मुलींच्या बस विज्ञानासाठी थांबत नाहीत. म्हणून बूट काढता काढताच सगळ्यांना गोल करून बसवलं. त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून आधी मीच समजावून सांगितलं, "हे बघा, आज चारचा सराव होता. आता आपापला आकडा सांगा. कर्णधारापासून सुरू."

"चार, सर," इंजिन म्हणाली.

मग चार, चार, चार अशी गाडी व्यवस्थित सुटली. अडली ती गोलकीपरपाशी. तिला आम्ही भिंत म्हणतो, आणि ती तेवढी उंच आहेही.

"सात," भिंत म्हणाली.

"किती?"

"सात, सर. तुम्ही मला शेवटी त्या उड्या मारायला लावल्यात ना."

"अरे वा! राणीसाहेबांना सात गेला!" मी गोदामातून प्लास्टिकची खुर्ची आणवली, रुमालाने पुसली आणि सीमारेषेजवळ मांडली. "बसा राणीसाहेब. दमलात आपण. टाळ्या वाजवा गं सगळ्या."

मुली पोट धरधरून हसल्या. भिंतसुद्धा हसली, कान लाल करून. थट्टा मुलींना बरोबर कळते, हे नव्या शिकलेल्या लोकांना कोणी सांगावं? खुर्ची आता तिथेच राहू दे म्हटलं. विज्ञानाला बसायला काहीतरी हवंच.

९ जानेवारी

चार. सगळ्या. भिंतसुद्धा.

१६ जानेवारी

विज्ञानताई आलेख घेऊन आली. सरावाआधी माझा अंदाज काय होता ती लाल रेघ आणि मुलींनी काय सांगितलं ती निळी. लाल रेघ दिसतच नव्हती, कारण निळी बरोबर तिच्यावर बसली होती.

"सर, असं कुठेच होत नाही," ती म्हणाली. "इतर सगळ्या संघांत फरक येतो. प्रशिक्षकाला जो सराव हलका वाटतो तो मुलांना जड गेलेला असतो. तुमच्याकडे मात्र अठराच्या अठरा मुली..."

"अनुभव," मी म्हणालो.

"हो, पण प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं ना?"

"आमचा एका विचाराचा संघ आहे."

तिने पेनाचं टोपण चावलं. "तुम्ही त्यांना विचारता कसं?"

"तोंडाने."

ती टॅब छातीशी धरून निघून गेली. पोरगी हुशार आहे, पण दुसऱ्याचं चांगलं तिला बघवत नाही. एवढे दिवस झाले, खुर्ची रिकामी आहे. माझ्या संघात एकही मुलगी दमत नाही. हे बघून खरं तर तिने मला हार घालायला हवा होता.

२० जानेवारी

माझ्या गुडघ्याचं मलम पुन्हा संपलं. बायको औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे घरात कुठलीही ट्यूब संपली की चौकशी समिती बसते.

"अहो, लावता की खाता?" ती म्हणाली. "आत्ता तर आणली होती."

"ट्यूबमध्ये हल्ली अर्धी हवाच भरतात," मी म्हणालो. ते खरंच आहे. मी तर आठवड्यातून एकदा लावतो.

बर्फाचंही तेच. मी सकाळी ट्रे भरून ठेवतो आणि संध्याकाळी बघावं तर रिकामा. आमच्या घरात थंड पाणी पिणारं कोणी नाही, पण विचारायला जावं तर जिला विचारायचं ती खोलीचं दार लावून बसलेली असते. फोन असणार. जेवायला हाक मारली तर येईपर्यंत जेवण गार. परवा आईबरोबर बाजारात चल म्हटलं तर 'बसने जाऊ या ना' म्हणाली. दोन चौक ओलांडायला बस! मैदानावरचं इंजिन घरात ढकलगाडी होतं.

२४ जानेवारी

विज्ञानताईने डाव टाकला. आजपासून मी विचारायचं नाही. मुली घरी जाऊन फोनवर आपापला आकडा दाबणार, तो फक्त ताईला दिसणार आणि दुसऱ्या दिवशी ती मला सांगणार. माझा अंदाजसुद्धा मी तिच्या कानात सांगायचा, मुलींसमोर नाही. जणू मी परीक्षेचा पेपर फोडत होतो.

२५ जानेवारी

आकडे आले. कालचा सराव चारचा होता, हे मी ताईच्या कानात व्यवस्थित सांगितलं होतं. मुलींनी काय दाबलं? सहा, आठ, सात, आठ, भिंतीने नऊ! एका रात्रीत माझा अख्खा संघ आजारी पडला. पोरींच्या हातात फोन दिला की खोटं बोलायला सुरुवात होते, ते हे असं.

एक चार होता. कोणाचा ते सांगायला नको. काल जेवताना तिने माझ्यासमोरच फोन काढला होता. पडद्यावर आकडे आले तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मी सहज भुवई उडवली. तिने चार दाबला आणि फोन उलटा ठेवला. शेवटी रक्त कोणाचं!

बायको म्हणाली, "तिला एकटीला भरू द्या की."

"मी कुठे तिचा हात धरलाय?"

३० जानेवारी

क्लबकडून आदेश: माझ्या संघाचा भार एकदम चढलेला दिसतो, सराव हलका करा. म्हणजे आकडे बदलले म्हणून सराव बदलायचा. उद्या कोणी थर्मामीटर शेकोटीत धरला तर हे गावाला गोळ्या वाटतील.

आज मी आज्ञाधारकपणे मुलींना चेंडू इकडून तिकडे देत बसवलं. भिंत गाणी गुणगुणत होती. सरावात गाणी! मी खुर्चीकडे बोट दाखवलं तर म्हणाली, "नको सर, आज दमलेच नाही." आणि पुढच्या तिन्ही फटक्यांवर झेप घेऊन चेंडू अडवला. ही मुलगी आधी एवढी झेप का घेत नव्हती, हे तिलाच विचारायला हवं.

पण निवड चाचणी काही माझ्यासाठी हलकी होणार नाही. म्हणून एक ठरवलं. बाकीच्यांनी खुशाल आराम करावा. इंजिन आणि मी रोज सकाळी शाळेआधी, आमच्या इमारतीमागून पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ. हे काही क्लबचं नाही, तेव्हा ताईच्या तक्त्यात जायचं कारण नाही. घरचं ते घरचं.

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती बूट हातात घेऊन पायरीवर बसली होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "चालेल, बाबा." आनंदाने तिला शब्द सुचत नव्हते.

५ फेब्रुवारी

आज ऐतिहासिक दिवस. टाकीच्या चढावर मी तिच्या पुढे होतो! माझा गुडघा असा, वय असं, पोट असं, आणि वर पोचून मागे वळून पाहतो तर बाईसाहेब अजून वळणावर. एक हात मांडीवर ठेवून येत होत्या.

"काय इंजिन, कोळसा संपला का?"

"तू फार जोरात पळतोस, बाबा," ती म्हणाली आणि हसली.

मला जिंकू देते आहे, एवढं न कळायला मी दूधखुळा नाही. तरी सरावाने माझाही दम वाढला आहेच. उतरताना ती म्हणाली, तू हो पुढे, मी चालत येते, मला ही सकाळ बघायची आहे. या वयात सकाळ बघायचं सुचतं म्हणजे संस्कार चांगले आहेत.

१० फेब्रुवारी

बायको दुकानातून आली ती पर्स फेकून सोफ्यावर पडली. मी गंमत म्हणून विचारलं, "आजचा दिवस किती गेला? शून्य ते दहा."

"नऊ."

"औषधं देऊन नऊ? उभं तर राहायचं."

"बघा," ती म्हणाली, "म्हणून मी तुम्हाला सांगत नाही." मग पाय वर घेऊन म्हणाली, "लेकीला विचारलंत कधी?"

"रोज! तेच तर चाललंय महिनाभर."

"काय सांगते?"

"चार."

"आणि ती सांगायच्या आधी तुम्ही काय म्हणालेले असता?"

या प्रश्नाचा मुद्दा मला कळला नाही. तसं मी म्हणालोही. तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "ती जिना उतरताना कठडा धरते. तुम्ही पाहिलंत का एवढंच सांगा."

कठडा धरायलाच असतो. पण हे मी मोठ्याने म्हणालो नाही, कारण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

१४ फेब्रुवारी

सामना बरोबरीत सुटला, आणि तो जिंकलेला होता. शेवटची काही मिनिटं, गोल मोकळा, चेंडू इंजिनच्या पायाशी. उजव्या पायाने नुसता ढकलायचा होता. तिने डाव्याने मारायला घेतला आणि चेंडू बाहेर. डावा पाय तिला बसमध्ये चढायला मिळालाय, गोल मारायला नाही.

मी सीमारेषेवरून ओरडलो, "कर्णधार, बसायचंय का? खुर्ची आणू?"

सगळ्यांनी ऐकलं. ऐकावं म्हणूनच ओरडलो होतो. त्यानंतर ती अशी पळाली की प्रतिस्पर्धी संघाच्या बाईसुद्धा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय पोरगी आहे हो!" एवढ्याशा टोमण्याने जे होतं ते आलेखाने व्हायचं नाही. हे विज्ञानताईलाही सांगितलं. तिने टॅब उघडून माझ्यासमोर धरला. नंतर म्हणाली, "सर, तिचा आकडा इतके दिवस हललेलाच नाही. हलक्या सरावाला चार, सामन्याला चार. मला तिच्याबद्दल भीती वाटते."

मी म्हणालो, सातत्य म्हणतात त्याला.

१७ फेब्रुवारी

सरावाआधी भिंत साहित्याच्या खोलीत आली. मी चेंडूंत हवा भरत होतो. ती दारात उभी राहिली तशी खोलीत अंधार झाला.

"सर, एक सांगू? तुम्ही तिला सांगणार नाही ना?"

"कोणाला?"

"इंजिनला. तिने मला शपथ घातली आहे." मग एका दमात म्हणाली, "सर, तिला खुर्चीत बसवा. तुम्ही चिडून बसवा, थट्टा करून बसवा, कसंही बसवा, पण बसवा. तिचा उजवा पाय दुखतो. पायमोजा काढताना ती टॉवेल तोंडात धरते."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तिला वाटतं तुम्हाला कळलं तर..." ती थांबली. "तुम्ही मला बसवलंत तेव्हा हसले होते ना सगळे. मी पण हसले होते. घरी जाऊन नाही हसले, सर."

मी तिला जा म्हणालो. मग इथे लिहायला बसलो तर पहिलं मनात आलं ते हे की भिंतीला कर्णधार व्हायचं असेल. तेही लिहून ठेवतो, म्हणजे मी किती हुशार आहे ते माझ्या लक्षात राहील. बर्फ, मलम, बाजाराची बस. वीस वर्षांचा अनुभव. मोज्यांवरून कळतं मला.

१८ फेब्रुवारी

आज सकाळी टाकीवर गेलो नाही. ती बूट घालून स्वयंपाकघरात आली तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो.

"चल ना बाबा, उशीर होतोय."

"आधी एक उडी मारून दाखव. एका पायावर. डाव्या."

तिने मारली. छान मारली.

"आता उजव्या."

"बाबा, काय हे लहान मुलांसारखं?"

"एकच."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि उडी मारली. जमिनीपासून चार बोटं वर गेली असेल. खाली आली तेव्हा तिचा हात फ्रीजच्या मुठीवर होता आणि त्या मुठीसकट फ्रीजचं दार उघडलं. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. घामाचे थेंब वरच्या ओठावर, आणि हसू.

"चार," ती म्हणाली.

मी विचारलंच नव्हतं.

फ्रीजचं दार मी लावलं. माझा चेहरा तिने बघू नये म्हणून दूध शोधल्यासारखं केलं. मला तिच्यासाठी भीती वाटली आणि माझी लाज वाटली, आणि दोन्ही एकदम वाटल्यावर माणूस काय करतो तर दूध तापवतो.

मग सांगितलं, की आजपासून पळणं बंद, परवा डॉक्टर, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय निवड चाचणी नाही. यावर ती जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. थोडं लिहितो.

"तूच म्हणाला होतास माझ्यासारखी कोणीच नाही! तूच सगळ्यांना सांगतोस मी दमत नाही!"

"चुकलं माझं."

"आता चुकलं? चाचणीला दोन आठवडे राहिल्यावर? बाबा, मी सहन करते आहे ना? तुला काय त्रास आहे? तुला एकदा तरी मी सांगितलं का दुखतं म्हणून?"

"नाही सांगितलंस."

"मग!"

बायको दारात उभी होती, ती आत आली आणि लेकीच्या पायातले बूट काढायला लागली. उजवा काढताना फार हळू काढला. तिला बहुतेक आधीपासून माहीत होतं कसा काढायचा ते.

१९ फेब्रुवारी

विज्ञानताईला सगळं सांगितलं. सकाळचा चढसुद्धा. मला वाटलं आता ही मला तक्ता दाखवून धुऊन काढणार, आणि मी मनातल्या मनात दोन-तीन टोमणे तयार ठेवले होते. ती म्हणाली, "रोज? सामन्याच्या दिवशीही?" मी हो म्हणालो. तिने डोळे मिटले. टोमणे तसेच राहिले.

थोड्या वेळाने म्हणाली, "सर, मुली खोटं बोलत नव्हत्या. तुम्ही आधी उत्तर सांगत होतात, त्या तुम्हाला ते परत देत होत्या. लहान मुलं आवडत्या माणसाला खाऊ परत देतात ना, तसं."

आवडता माणूस. हे मात्र तिच्या विज्ञानात कुठे बसतं कोण जाणे. प्लास्टिकची खुर्ची मी आज गोदामात नेऊन टाकली. मुलींनी बघितलं. सरावानंतर मुली बूट काढायला गोल करून बसल्या तसा मी त्यांच्यातून बाहेर पडलो आणि बस येईपर्यंत फाटकापाशी उभा राहिलो.

२० फेब्रुवारी

निकाल आधी लिहितो, नाहीतर मी विनोद करत बसेन. उजव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा. डॉक्टर म्हणाले, हा एका दिवशी पडलेला नाही, रोज थोडाथोडा पडत आला आहे. आणखी काही दिवस पळाली असती तर भर मैदानात हाड मोडलं असतं. निदान दोन महिने पळायचं नाही. म्हणजे निवड चाचणी गेली, आणि या वयोगटात पुन्हा यायची नाही. घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. माझ्याशी बोलली नाही, आणि बोलावं असं माझंही काही पुण्य नव्हतं.

आता तपासणीच्या खोलीतलं.

तिला उंच पलंगावर बसवलं होतं. मी शेजारी स्टुलावर. बायको अजून दुकानातून पोचायची होती. डॉक्टर टकले आणि घाईतले.

"दुखतं किती?" त्यांनी विचारलं. "शून्य ते दहात सांग."

हा माणूस विज्ञानताईचा नातेवाईक असणार, असं माझ्या मनात आलंच. जित्याची खोड ती. पण तेवढ्यात पाहिलं तर लेक डॉक्टरांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी चेहरा दगडासारखा ठेवला. भुवई हलू दिली नाही, श्वासही जपून घेतला. तरी तिने त्या दगडात काहीतरी वाचलंच.

"तीन," ती म्हणाली.

डॉक्टरांनी अंगठा नडगीवरून खाली आणत आणला आणि एका जागी दाबला. तिच्या पायाची बोटं आत वळली. पलंगावरची चादर मुठीत गोळा झाली. चेहरा मात्र स्वयंपाकघरात होता तसाच, हसरा.

"इथे?"

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. पाय तिचा, हाड तिचं, आणि किती दुखतंय ते ती माझ्या तोंडावर शोधत होती. गोलात बसलेल्या अठरा जणी माझ्याकडे अशाच बघायच्या. मला तेव्हा वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतात माझ्या मुली.

मी उठलो.

"डॉक्टर, मी बाहेर बसतो."

"अहो बसा की. वडील ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "मी समोर असलो की तिला दुखत नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, जाऊ नकोस." मी गेलो. दार ओढून घेतलं, कडी लागल्याचा आवाज तिला ऐकू जाईल इतकं नीट. बाहेर बाकावर चार-पाच माणसं आपापली एक्स-रेची पाकिटं मांडीवर धरून बसली होती. त्यांच्यात जाऊन बसलो.

आतून डॉक्टरांचा आवाज, पुटपुटल्यासारखा. मग माझी मुलगी ओरडली, "आई गं!" इतक्या जोरात की बाकावरची सगळी माणसं दाराकडे बघायला लागली. त्यानंतर ती रडायला लागली, तोंड दाबून नाही, टॉवेल धरून नाही, चांगलं भोकाड पसरून.

मी उठून दारापर्यंत गेलो. दाराची मूठ हातात धरली. तिला जवळ घ्यावं असं इतकं वाटत होतं की हात दुखला. पण मूठ फिरवली नाही, तसाच उभा राहिलो. आत गेलो असतो तर ती गप्प झाली असती.